वाटी ठोकायची नसते

हातोडा हे चांगलं हत्यार आहे. त्यानं खिळा ठोकावा, खुंटी ठोकावी, नारळ फोडावा, माझं काही म्हणणं नाही. पण सायकलच्या हँडलची वाटी हातोड्यानं ठोकू नये. खरं म्हणजे एवढं लिहूनच मी थांबणार होते. संपादक म्हणाले, "काकू, चार ओळींचा लेख कसा छापू? अनुभव लिहा." तर लिहिते. आधीच सांगते, मला राग येतो आणि तो मी झाकून ठेवत नाही. ज्यांना गोड वाचायचंय त्यांनी पानं उलटावीत, पुढं करंज्यांची कृती असेल.

माणसांची नावं बदलली आहेत, काही खाणाखुणाही बदलल्या आहेत. संदीपचं तेवढं खरं नाव ठेवावं असं फार मनात होतं, पण मग बाकीच्यांची बदलून उपयोग काय.

मी भुकूमला दिलेली. माहेर मुळशीचं, धरणाच्या काठचं. लग्नानंतर पिरंगुटच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात लागले आणि वीसेक वर्षं तपासणीच्या टेबलावर बसले. बेअरिंग बोटावर घ्यायचं, फिरवायचं, कानाशी धरायचं. चांगलं बेअरिंग बोलत नाही. जे बोलतं ते बाजूच्या ट्रेमध्ये. पुढं तो कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. यंत्रं ट्रकात चढवली, बायका नाही चढवल्या. मी घरी आले तेव्हा आमच्या आळीत गोठे पाडून भाड्याच्या खोल्या बांधायचं चाललं होतं. मी आमच्या हिश्श्याचा गोठा पाडू दिला नाही. तिथंच आता माझं वर्कशॉप आहे, पौड रस्त्याला लागून.

सायकलीकडं आले ती नळामुळं. ताम्हिणी घाटाला जाणारे सायकलवाले आमच्या दारात पाणी भरायला थांबायचे. एकाचं हँडल वळताना करकर करत होतं आणि तो म्हणत होता, ब्रेकचा आवाज आहे. मी चूल सोडून बाहेर आले आणि म्हटलं, बाबा, हे खालचं बेअरिंग मेलंय. तो हसला. पुढच्या रविवारी तोच मनुष्य सायकल घेऊन परत आला, आणि तेव्हा हसत नव्हता.

अजूनही नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठंयत?" बाहेर खुर्चीत आमचे हे पेपर वाचत बसलेले असतात. मग गिऱ्हाईक त्यांना सगळं समजावून सांगतं, कुठं आवाज येतो, कधी येतो, किती वेगाला येतो. ह्यांना सायकलीतलं घंटीपलीकडं काही कळत नाही, पण ऐकून सगळं घेतात. शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणतात, "आता हेच तिला सांगा." पहिली काही वर्षं माझा संताप व्हायचा. आता तेवढ्या वेळात माझा चहा होतो.

तर वाटी म्हणजे काय ते सांगते. सायकलच्या फ्रेमच्या तोंडाशी एक आखूड, उभी, जाड नळी असते. पुढचं चाक ज्यात बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो. त्या चिमट्याचा दांडा ह्या नळीतून वर जातो आणि त्यावर हँडल बसतं. हा दांडा नळीत मोकळा फिरावा म्हणून नळीच्या वरच्या तोंडाला एक आणि खालच्या तोंडाला एक अशी दोन बेअरिंगं असतात. ती ज्यात बसतात त्या वाट्या. पुष्कळ फ्रेमना त्या नळीत दाबून बसवाव्या लागतात. वाटी नळीपेक्षा केसभर मोठी असते, मुद्दाम. ती सरळ दाबली तर जन्मभर हलत नाही. तिरकी गेली तर नळी तरी फाटते नाही तर बेअरिंग तरी मरतं.

ती दाबायला प्रेस लागतो. नाव मोठं, वस्तू साधी. आटे पाडलेला लांब दांडा, दोन टोकांना दोन नट, मध्ये जाड चकत्या. माझा प्रेस मी पिरंगुटच्या टर्नरकडून करून घेतला. आधी नळीच्या आतून बोट फिरवायचं, रंगाचा गोळा, धातूचं कुसळ लागलं तर काढायचं. पुसायचं. ग्रीसचा पातळ हात द्यायचा. मग एका वेळी एकच वाटी. नट थोडा फिरवायचा, थांबून चारी बाजूंनी बघायचं, परत थोडा फिरवायचा. हाताला भार सारखा वाढत गेला पाहिजे. कुठं अचानक हलकं लागलं, कुठं अडलं, की थांबायचं, वाटी बाहेर काढायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. ह्यात अक्कल फार लागत नाही. फक्त थांबता यावं लागतं, आणि नेमकं तेच लोकांना येत नाही.

सगळं जोडून झालं की दोन परीक्षा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलवायची, हँडलपाशी टकटक लागली तर ढिलं आहे. मग पुढचं चाक उचलायचं, हँडल आपल्याच वजनानं बाजूला पडलं पाहिजे. पडलं नाही तर आवळलंय. एक निवृत्त बँकवाले काका होते, ते रोज सकाळी हँडलवरचा बोल्ट आणखी थोडा आवळायचे. म्हणायचे, "सेफ्टीसाठी." होता होता त्यांचं हँडल इतकं आवळलं की वळायचं असलं की ते उतरायचे, सायकल उचलून वळवायचे आणि परत चढायचे. मी त्यांची पान्ह्यांची पिशवी काढून घेतली. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि ते वॉशिंग सेंटरवाले. पावसात ताम्हिणी करून आलेली पोरं येताना मोटारसायकली धुतात तिथं सायकल धुतात, फवारा थेट वाट्यांवर. वर चमक यावी म्हणून डिझेल मारून घेतात. डिझेलनं आतलं सगळं ग्रीस धुऊन जातं. मग सोमवारी सायकल माझ्याकडं, "काकू, एकदम नवीन आहे, तरी आवाज का येतोय?" अरे, उद्या तुझ्या गुडघ्यात डिझेल मारते, मग तूही आवाज कर. हे मी मनात म्हणत नाही, तोंडावर म्हणते.

पण हे सगळे राग साधे. रात्री जेवले की उतरतात. एक राग उतरलेला नाही.

संदीप माझा पुतण्या, थोरल्या दिरांचा मुलगा. दिरांना सगळं गाव तात्या म्हणतं. तात्यांनी रस्त्याकडची जमीन विकली आणि उरलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्या काढल्या. संदीप माझ्याच हाताखाली सायकल शिकला. हात चांगला होता, दम नव्हता. थांबता येत नव्हतं. पुढं तात्यांनी त्याला वरच्या अंगाला काचेचं दुकान काढून दिलं, परदेशी प्रेस आणला, पेटीतला, निळ्या मुठीचा. मला वाईट वाटलं असं म्हणणाऱ्यांना सांगते, वाटलं नाही. आजूबाजूला राहायचे टॉवर एवढे झालेत की काम दोघांना पुरून उरेल.

कामाला त्यानं मनोजला ठेवलं. मनोज बिहारचा, आधी लुधियानाला सायकलच्या कारखान्यात होता. बायको रेणू आणि पोरगी पिंकी, तिघं तात्यांच्या चाळीत कोपऱ्यावरच्या खोलीत राहायची. त्या खोलीला खिडकी आहे, बाकीच्यांना नाही. पिंकी आमच्या बालवाडीत जायची. दुपारचं दुकान बंद झालं की मनोज माझ्या पायरीवर येऊन बसायचा. मी चहा द्यायची आणि आमचं भांडण सुरू व्हायचं. तो ग्रीस थापायचा, मी म्हणायची पातळ हात दे. तो म्हणायचा, "काकी, बारिश तुमच्या इथं होते की माझ्या इथं? पानी घुसतं मग." ताम्हिणीचा पाऊस बघता त्याचं खरं होतं, पण मी कबूल करायची नाही. असा माणूस रोज पायरीवर असला की दुपार बरी जाते.

गेल्या वर्षी खंडेनवमीला आमच्याकडं असतं तसं सगळं झालं. पान्हे, पक्कड, कानस, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला उचलायचं. संदीपच्या दुकानात माझ्या जाऊबाईंनी पूजा केली आणि मधोमध तो निळ्या मुठीचा प्रेस ठेवला. मनोजची हत्यारपूजा वेगळी, ती विश्वकर्म्याची, महिन्याभरापूर्वीच झालेली. त्याला काय, तो त्या दिवशीही कामाला तयार होता. पण दुकान बंद म्हणून संदीपनं त्याला सुट्टी दिली आणि तो बायकोपोरीला घेऊन पौडच्या बाजारात गेला. हे नीट लक्षात ठेवा. मनोज त्या दिवशी दुकानात नव्हता.

दुपारी निखिल आला. टॉवरमधला, कंपनीत नोकरी करणारा, सरळ मुलगा. त्यानं मित्राबरोबर परदेशातून एक अॅल्युमिनियमची रोडबाइकची फ्रेम आणवली होती. सगळं सामान येऊन पडलं होतं, हँडलच्या वाट्या तेवढ्या राहिल्या होत्या, त्या त्या दिवशी कुरियरनं आल्या. त्याला दसऱ्याच्या सकाळी नवी सायकल घेऊन ताम्हिणीला जायचं होतं. संदीप म्हणाला, "होऊन जाईल सर." निखिल सायकल ठेवून गेला आणि हा प्रेस उचलायला गेला.

जाऊबाई आडव्या आल्या. "पूजेतलं हत्यार हलवायचं न्हाई. उद्या सकाळी उचला."

"आई, दहा मिनटाचं काम हाय."

"मग धा मिनटासाठी देवाला उटवायचं व्हय?"

ही गोष्ट जाऊबाईंनीच मला नंतर सांगितली, आणि अभिमानानं सांगितली. पुढं संदीपनं काय करावं? शेजारी इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या गवंड्याकडून त्यानं हातोडा मागून आणला. तो हातोडा दुकानातला नव्हता, पूजेत नव्हता, म्हणजे चालतो. असा आमचा धर्म. प्रेस देवाचा पाहुणा आणि काम हातोड्याला. लाकडाचा एक ठोकळा घेतला, वाटीवर धरला आणि ठोकली.

माझाही प्रेस त्या दिवशी पाटावरच होता. पण दुकान माझ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यानं येऊन मागितला असता तर मी नमस्कार करून उचलून दिला असता, नाही तर स्वतः जाऊन बसवून आले असते. देवाला तेवढं कळतं. त्याच्या भक्तांना कळत नाही, हे दुखणं आहे.

दसऱ्याच्या सकाळी निखिल निघाला. जाताना सपाटीला काही कळलं नाही. ताम्हिणीच्या पुढं कोकणाच्या बाजूला उतार लागला, रस्ता ओला, वेग वाढला, आणि एका वळणावर वळलेलं हँडल परत सरळ यायला अडलं. सायकल कठड्यावर गेली. ढाब्यावरच्या लोकांनी त्याला टेंपोत घालून आणला. खांदा मोडला, जबडा मोडला. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून जगला.

आठवड्यानं त्याची बायको, मृणाल, मोडकी सायकल गाडीत घालून माझ्याकडं आली. संदीपकडं नाही, माझ्याकडं. म्हणाली, "काकू, मला सायकलमधलं काही कळत नाही. तो शुद्धीवर आल्यापासून एकच म्हणतोय, मी चुकलो, मी नीट वळवली नाही. तोंड बांधलेलं आहे, तर लिहून दाखवतो. मला फक्त सांगा, तो चुकला का?"

मी तिच्यासमोरच हँडल उतरवलं, चिमटा काढला. खालची वाटी बघितली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक बाजू आत रुतलेली, दुसरी वर राहिलेली. कडेवर हातोड्याचे पोचे, म्हणजे ठोकळा मध्येच फुटला असणार आणि ह्यानं लोखंडावर लोखंड हाणलं असणार. नळीला बारीक चीर. बेअरिंग मी बोटावर घेऊन फिरवलं, ते फिरेना, एका जागी येऊन अडकायचं. वीस वर्षं मी असलं बेअरिंग बाजूच्या ट्रेमध्ये टाकलं. इथं त्याच्यावर माणूस घाट उतरला होता.

"तुमचा नवरा चुकला नाही," मी म्हटलं. "बसवणारा चुकला."

"दुकानात कोणी बसवलं?"

"रविवारी सांगते," म्हटलं, आणि ती गेल्यावर तशीच संदीपकडं गेले.

तो काउंटरमागं मोबाइल बघत होता. मनोज आत तारा ओढून चाकं सरळ करत होता. मी वाटी काउंटरवर ठेवली. संदीपनं बघितली आणि खरं सांगते, नाकबूल केलं नाही. म्हणाला, "काकी, ठोकळा फुटला. दोन ठोके तिरके बसले. मला वाटलं, चालवून चालवून बसंल जागेवर."

"चालवून चालवून माणूस बसला जागेवर," मी म्हटलं. "आता चल, त्याच्या बायकोला सांग."

तो म्हणाला, "तात्यांना विचारतो."

तात्यांचं उत्तर तयारच होतं. संध्याकाळी मला बोलावलं, खुर्ची दिली, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "मनोजनं केलं म्हनायचं. कारागीर त्योच हाय, कुनालाबी पटंल. बाई पोलिसात गेली तर संदीपचं दुकान जाईल, नाव जाईल. मनोजचं काय जातंय? त्यो आज हितं, उद्या बिहारला."

"मनोज त्या दिवशी दुकानात नव्हता."

"ते तुला ठावं, मला ठावं. त्या बाईला कुटं ठावं हाय? सायकलवाली मान्सं तुझ्या शबुदाला मानत्यात. तू फकस्त व्हय म्हन."

मी म्हटलं, "तात्या, मी तुमचं सगळं ऐकलं. जमीन विकली तेव्हा गप्प बसले. हे व्हय मी म्हणायची नाही." आणि उठले. जाऊबाई मागून म्हणाल्या, "घरातलं घरात ठेवावं, सुमन." मी म्हटलं, "बाई, जबडा त्या पोराच्या घरात मोडलाय."

त्याच आठवड्यात जाऊबाईंनी आणखी एक पराक्रम केला. तो निळ्या मुठीचा प्रेस अपशकुनी ठरवला आणि मुळशीला जाऊन धरणात सोडला. वर नारळही वाहिला. ज्या हत्याराला कुणी हातच लावला नाही ते पाण्यात, आणि हातोडा गवंड्याकडं सुखरूप. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. मी हसले, आणि हसता हसता मला कळायला हवं होतं की पुढचा संन्यासी कोण.

रविवारी सकाळी तात्यांच्याच निरोपावरून मृणाल त्यांच्या घरी आली. तात्या सोफ्यावर, शेजारी संदीप खाली मान घालून, जाऊबाई दाराशी, मी खिडकीजवळ. मनोजला उभं केलं होतं. तात्या म्हणाले, "मॅडम, चूक झाली. आमच्या कामगारानं गडबडीत केलं. त्योच सांगंल."

मनोजनं हात जोडले. "हाँ मॅडम. मुझसे हो गया. माफ कर दीजिए."

मृणाल माझ्याकडं वळली. "काकू?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते आणि मनोजही बघत होता. त्याच्या बघण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. मला वाटलं, बिचारा सोडवा म्हणतोय.

"खोटं आहे," मी म्हटलं. "मनोज त्या दिवशी दुकानात पण नव्हता. पौडला बाजारात होता. वाटी संदीपनं ठोकली. पूजेतला प्रेस उचलायचा नाही म्हणून गवंड्याच्या हातोड्यानं ठोकली. त्यानं मला स्वतः सांगितलंय. संदीप, वर बघ आणि नाही म्हण."

त्यानं वर बघितलं नाही. तात्या म्हणाले, "सुमन, तू ह्या घरची हायेस का न्हाई?" मी म्हटलं, "हाय, म्हणूनच लाज वाटतीय."

मृणाल उठली. आवाज चढवला नाही, रडली नाही. संदीपला म्हणाली, "एकदा येऊन त्याला हे तुमच्या तोंडानं सांगाल? बाकी मला काही नकोय. पोलिसात मी जाणारच नव्हते. त्याची चूक नव्हती एवढंच त्याला कळायला हवंय." संदीप गेला, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दोन दिवसांनी दवाखान्यात जाऊन सांगून आला.

म्हणजे कुणालाच काही झालं नाही. पोलीस नाहीत, तक्रार नाही, दुकान शाबूत. मी घरी आले आणि छाती पुढं काढून ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आणि मनोजचं?"

मनोजचं असं झालं की सोमवारी तात्यांनी त्याला खोली खाली करायला सांगितलं. खोटं तरी धड बोलता आलं नाही, आता काय उपयोग, असं म्हणाले म्हणे. मी धावत गेले तर चाळीसमोर छोटा हत्ती टेंपो उभा होता, गादी चढली होती, रेणू पातेली पोत्यात भरत होती. मी म्हटलं, "मनोज, माझ्याकडं चल. वर्कशॉपच्या मागं जागा आहे."

तो पोतं बांधत होता. वर न बघता म्हणाला, "काकी, आपको किसने बोला था बोलने को?"

"अरे, तुझ्यावर आळ घेत होते."

"मालूम था. मैंने हाँ बोला था ना." मग उभा राहिला. "तात्या बोले, तू हाँ बोल, कमरा तेरा. पिंकी का स्कूल, सब. मी हाँ बोललो. तुमी नाम बचा लिया माझं. नाम का क्या करूँ? नाम में सोएँगे क्या तीन लोग?"

मला आणखीच राग आला. मी म्हटलं, "मग मी खोटं बोलायला हवं होतं?" तो म्हणाला, "पूछना था." वर्कशॉपमागं राहायला तो तयार नव्हता. म्हणाला, "वो दीवार भी तात्या की दीवार से लगी है." माझ्या घरात मला कुणी इतकं खरं सुनावलं नव्हतं. ते पिरंगुटला निघून गेले, त्याच्या गाववाल्याच्या पत्र्याच्या खोलीत, सातआठ माणसांत. तो गोदामात माल चढवायला लागला.

इकडं संदीपचं दुकान कारागिरावाचून अडलं. एक आला, पळाला. दुसऱ्यानं गिऱ्हाइकाच्या फ्रेमचे आटे मोडले. पावसाळ्याच्या तोंडाला तात्यांनी गुपचूप निरोप पाठवला आणि मनोज परत आला. त्याच खोलीत, खिडकीच्या. मला कुणी सांगितलं नाही. एक दिवस पिंकी बालवाडीच्या रांगेत दिसली आणि मला कळलं. मी दुपारी चहा जास्त टाकला. तो आला नाही. रस्त्यात भेटला की "नमस्ते काकी" म्हणतो, थांबत नाही. पायरीवर बसत नाही.

परत येताना तात्यांनी काय अट घातली ते मला ह्या श्रावणात कळलं. टॉवरमधला एक नवा सायकलवाला माझ्या दारात नवी फ्रेम घेऊन उभा होता, वाट्या बसवायच्या म्हणून. तेवढ्यात मनोज आला, पिंकीला कडेवर घेऊन. संदीपचा प्रेस धरणात, दुसरा मागवलेला अजून आलेला नाही, तोवर माझा मागायला आला होता. मी आतून प्रेस आणायला वळले. सायकलवाला त्याच्याकडं बघून मला म्हणाला, "हाच ना तो बिहारी? निखिलची वाटी ह्यानंच ठोकली होती ना? सायकलच्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे, दुकानातूनच कळलं."

मी गर्रकन वळले. तोंडात आलं होतं. मनोज माझ्या आधी बोलला, आणि मराठीत बोलला.

"व्हय साहेब. माझ्याच हातनं झालं."

आणि माझ्याकडं बघितलं. ह्या वेळी त्या बघण्याचा अर्थ लावायची गरज नव्हती. पिंकीनं त्याच्या खांद्यावर डोकं टाकलं होतं, पाठीला बालवाडीचं दप्तर होतं. भरल्या घरात थोरल्या दिराला खोटं पाडणारी मी, माझ्याच दारात तोंड मिटून उभी राहिले. प्रेस त्याच्या हातात दिला. तो "नमस्ते काकी" म्हणाला आणि गेला.

सायकलवाला हसून म्हणाला, "म्हणूनच तुमच्याकडं आलोय, काकू. अशा लोकांच्या हातात देववत नाही."

मी त्याची फ्रेम उचलली आणि त्याच्या हातात परत दिली. "तुमची सायकल इथं व्हायची नाही."

"का? काय झालं?"

ते सांगता आलं असतं तर आणखी काय हवं होतं.